जुन्या गाडीची दुरुस्ती

आमच्या गांवच्या घरीं, गोठ्याच्या एका कोपऱ्यांत, एक जुनी बैलगाडी कित्येक वर्षें पडून होती. हें आमचें गांव सोलापूर जिल्ह्यांत भीमा नदीच्या कांठीं आहे. नोकरीच्या निमित्तानें मी जन्मभर बाहेरगांवीं मुलें शिकवीत राहिलों, आणि सेवानिवृत्त झाल्यावर गांवीं परत आलों. त्यानंतर थोड्याच दिवसांनीं हमरस्त्यावरील एका उपाहारगृहाचे मालक ती गाडी पाहावयास आले. त्यांना गाडी नको होती. नुसतीं चाकें हवीं होतीं. एक चाक दर्शनी भिंतीवर टांगावयाचें व दुसऱ्यावर कांच बसवून त्याचें मेज करावयाचें, असा त्यांचा बेत होता. किंमतहि त्यांनीं बरी सांगितली. घरांतील तरुण मंडळींना हा व्यवहार पसंत पडला, आणि खरें सांगावयाचें तर मलाहि त्यांत कांहीं गैर वाटलें नाहीं.

दुसरे दिवशीं चाकें उतरवितांना एका चाकाच्या तुंब्यावर, आंतल्या बाजूस, पटाशीनें कोरलेली एक लहानशी खूण दिसली. एक उभी रेघ, आणि तिच्या दोहों बाजूंस एकेक टिंब. ही गाडी "आजोबांनीं केली" असें मी लहानपणापासून ऐकत आलों होतों, आणि माझ्या मुलांनाहि तसेंच सांगत आलों होतों. पण माझ्या आजोबांनीं जन्मांत कधीं पटाशी हातीं धरली नव्हती. मग ही गाडी केली कोणी? एवढ्या एका प्रश्नापायीं मीं चाकांची विक्री तहकूब केली, आणि ती मोडकी गाडी पुन्हां चालती करावयाची असें ठरविलें. त्या खटाटोपांत गाडीचा जो इतिहास मला वाचावयास व ऐकावयास मिळाला, तो आज थोडक्यांत आपणांस सांगावा, आणि त्या इतिहासांत जी एक जागा कोरी राहिली आहे तिच्याकडे आपलें लक्ष वेधावें, असा माझा हेतु आहे.

गाडी ही आपल्या देशांतील फार जुनी वस्तु होय. हडप्पा व मोहेंजोदडो येथील उत्खननांत भाजलेल्या मातीच्या लहान लहान गाड्या सांपडल्या आहेत. चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीं त्या काळच्या मुलांनीं त्या अंगणांत ओढल्या असतील. महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर १९७४ सालीं प्रवरेच्या कांठीं दायमाबाद येथें, म्हणजे पूर्वींच्या अहमदनगर व आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, कांशाच्या चार वस्तु जमिनींतून निघाल्या. एक हत्ती, एक गेंडा, एक रेडा, आणि चौथी वस्तु म्हणजे दोन बैल जोडलेला रथ व त्यावर उभा असलेला त्याचा सारथी. हा रथ सुमारें ४५ सेंटिमीटर लांबीचा आहे. त्याचा नेमका काळ कोणता याविषयीं विद्वानांत मतभेद असले, तरी आपल्या भूमींतील बैल हजारों वर्षें जुंवाखालीं चालत आले आहेत, एवढें त्यावरून निःसंशय ठरतें.

ह्या अतिप्राचीन गाड्यांचीं चाकें भरीव असत. आऱ्यांचें हलकें चाक पुढें आलें. ऋग्वेदाच्या काळीं तें चांगलें रूढ झालेलें दिसतें. कारण चाकाच्या निरनिराळ्या अवयवांचीं नांवें त्या ग्रंथांत आहेत. संस्कृतांतील 'अर' तोच आपला आरा, आणि 'अक्ष' तोच आपला आंस. शेतकऱ्याच्या तोंडचे हे दोन शब्द वेदांइतके जुने आहेत, हें मी वर्गांत सांगत असें तेव्हां मुलांना मोठें नवल वाटे. परंतु त्याहून नवलाची गोष्ट मला ह्या वेळीं आढळली. अथर्ववेदाच्या एका सूक्तांत राजाच्या भोंवतीं असावयाच्या लोकांत रथकार आणि लोहार या दोघांचा जोडीनें उल्लेख आहे. चाक करणारा आणि त्याला लोखंड देणारा, या दोघांवांचून राज्य चालत नाहीं, ही जाणीव त्या सूक्तकर्त्याला होती. पुढच्या काळांत ही जाणीव लोपत गेली.

आतां आपण हजारों वर्षें ओलांडून दख्खनच्या पठारावर येऊं. आजच्या श्रोत्यांची अशी समजूत असावी कीं, आपल्या खेड्यांत प्रत्येक शेतकऱ्याच्या दारांत बैलगाडी ही अनादि कालापासून उभी आहे. वस्तुस्थिति तशी नाहीं. पेशवाईच्या अखेरीपर्यंत महाराष्ट्रांतील मालाची मुख्य वाहतूक गाडीनें होत नसे. ती बैलांच्या पाठीवरून होत असे. कोंकणांतील मीठ वर यावयाचें, देशावरील धान्य खालीं जावयाचें, तें लमाणांच्या तांड्यांबरोबर. शेंकडों बैल एकामागून एक घांट चढत आणि उतरत. एका बैलाच्या पाठीवर साधारणपणें एका पोत्याहून अधिक ओझें लादतां येत नाहीं. तेच दोन बैल बऱ्या रस्त्यावर गाडींतून दहा पोतीं सहज ओढतात. हा हिशेब आपल्या पूर्वजांना कळत नव्हता असें नव्हे. परंतु गाडीला रस्ता लागतो, आणि रस्ते नव्हते. बोरघाटांतून गाड्यांना जाण्यासारखा रस्ता मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत १८३० सालीं खुला झाला, तोंवर मुंबई आणि पुणें यांच्यामध्यें सह्याद्रि आडवाच होता.

गाड्या मुळींच नव्हत्या असें मात्र नाहीं. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटिअरांत त्यांचें वर्णन आढळतें. त्या अतिशय अवजड असत. चाकें म्हणजे भरीव चकत्या, कांहीं ठिकाणीं तर दगडाच्या. अशी गाडी ओढावयास दोन बैल पुरत नसत. बैलांच्या कित्येक जोड्या लागत. अर्थात् सामान्य कुणब्याला ती परवडण्याजोगी नव्हती. गांवांत एखाद दुसरी असली तर असे. शेतांत पिकलेलें धान्य डोक्यावरून किंवा बैलाच्या पाठीवरून जवळच्या बाजारीं न्यावें, आणि जो भाव मिळेल तो घ्यावा, असा प्रकार होता.

ह्या स्थितींत बदल झाला तो आमच्याच भागांत, ही गोष्ट मला माझ्या वयाच्या साठीनंतर कळली. १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यांत जमीन-महसुलाची पाहणी नव्यानें सुरू झाली. त्यापूर्वीं प्रिंगल नांवाच्या अधिकाऱ्यानें केलेली आकारणी जड झाली होती आणि पुष्कळ जमीन पडीक राहिली होती. नव्या पाहणीचें काम हेन्री गोल्डस्मिड या मुलकी अधिकाऱ्याकडे आलें. जॉर्ज विंगेट पुढें त्याच कामांत नांवाजले. ह्या मंडळींच्या ध्यानांत एक गोष्ट आली. शेतकऱ्याचा सारा कमी केला तरी त्याचा माल बाजारापर्यंत पोंचला पाहिजे. नाहींतर तो सारा देणार कशांतून? तेव्हां दोन बैलांना ओढतां येईल इतकी हलकी, खेड्याच्या वाटेवर टिकेल इतकी बळकट, आणि शेतकऱ्याला घेतां येईल इतकी स्वस्त अशी गाडी निर्माण करण्याचें गोल्डस्मिड यांनीं मनावर घेतलें. लेफ्टनंट गेसफर्ड या लष्करी अधिकाऱ्याच्या देखरेखीखालीं टेंभुर्णी येथें गाड्या तयार करण्याचा कारखाना निघाला. टेंभुर्णी हें माढें तालुक्यांतील, पुणें-सोलापूर रस्त्यावरील गांव. आज तेथून मोटारी भरधांव जातात. गाडी चांगली वठली, लोकांच्या पसंतीस उतरली, आणि ह्या नमुन्याच्या गाड्यांचा प्रसार होत गेला.

श्रोतेहो, ही हकीकत वाचतांना मला अभिमान वाटला आणि लगेच एक शंका आली. कारखाना एक, आणि तो टेंभुर्णीस. गाड्या गांवोगांव. खड्ड्यांत आदळून एखाद्या गाडीचा आरा मोडला, उन्हानें धाव ढिली झाली, तर ती गाडी कांहीं कोणी टेंभुर्णीस नेत नसणार. ती गांवांतच दुरुस्त झाली पाहिजे. म्हणजे ज्या दिवशीं पहिली नवी गाडी एखाद्या खेड्याच्या वेशींतून आंत आली, त्या दिवसापासून तिचें आयुष्य साहेबाच्या हातून निघून सुतार-लोहारांच्या हातीं गेलें. पहिली गाडी पाहून दुसरी करणारा तोच, आणि दोन्ही चालत्या ठेवणाराहि तोच. गोल्डस्मिड आणि गेसफर्ड यांचीं नांवें छापील ग्रंथांत आहेत, आणि तीं असावयास हवींत. त्यांनीं केलें तें लहान काम नव्हे. परंतु टेंभुर्णीच्या कारखान्यांत ज्यांनीं वाकस चालविला त्यांपैकीं एकाचेंहि नांव मला कोठें आढळलें नाहीं. मीं सुरुवातीस म्हटलेली इतिहासांतील कोरी जागा ती हीच.

पुढें आगगाडी आली. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरापासून ठाण्यापर्यंत पहिली गाडी धांवली. १८६० सालीं लोहमार्ग सोलापुरास पोंचला. १८६३ सालीं बोरघाटांतील अवघड चढ पुरा झाला. वाफेच्या गाडीपुढें बैलाची गाडी टिकणार नाहीं असें कोणासहि वाटलें असतें. लांब पल्ल्याच्या वाहतुकीपुरतें तें खरेंहि झालें, आणि लमाणांच्या तांड्यांचा धंदा त्यांत बुडाला. परंतु खेड्यांतील बैलगाडीचें महत्त्व उलट वाढलें. आगगाडी कांहीं शेताच्या बांधावर येत नाहीं. तिच्या स्टेशनापर्यंत माल आणावा लागतो. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें असतां तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या दिवसांत कांहीं शेतकऱ्यांनीं गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसविल्या असा उल्लेख त्या काळाविषयींच्या लिखाणांत वारंवार येतो. अतिशयोक्ति सोडून द्या; पण ज्याला चार पैसे मिळाले त्याच्या मनांत आधीं गाडीचें चाक आलें, ही गोष्ट बोलकी आहे. युद्ध संपलें, भाव कोसळले, चांदी गेली. लोखंडाची धाव मात्र राहिली.

ह्या चाकांचा सांभाळ खेड्यांत कसा होत असे? बलुत्यावर. सुतार आणि लोहार हे गांवच्या बलुतेदारांतील अग्रगण्य. वर्षभर त्यांनीं कुणब्याचे नांगर, कुळव, गाड्या नीट ठेवाव्या, आणि सुगींत खळ्यावर येऊन आपला धान्याचा वांटा न्यावा. प्रत्येक खिळ्याचा वेगळा हिशेब नाहीं. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं खेड्याच्या ह्या साऱ्या व्यवस्थेवर ग्रंथ लिहिला, त्याला नांव दिलें 'गांवगाडा'. गांव म्हणजे एक गाडाच, ही कल्पना मराठी मनाला किती सहज पटते, हें त्या नांवावरून दिसतें. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा माझा विचार नाहीं. तींत उच्चनीचभाव होता, पिढीजात बंधन होतें, आणि ज्याच्या घरीं खळें त्याच्या मर्जीवर ज्याच्या हातीं कसब त्याचें पोट अवलंबून होतें. याचा एक पुरावा माझ्याच घरांत निघाला, तो आतां सांगावयाचा आहे.

गाडी दुरुस्त करावयाची म्हणून मीं रिकामा गोठा झाडून घेतला आणि त्यालाच घरचा कारखाना केलें. लहानपणीं शाळेंत हस्तव्यवसायाच्या तासाला करवत व रंधा धरला होता, तेवढ्या भांडवलावर कामास लागलों. साट्याच्या फळ्या निम्म्याहून अधिक कुजल्या होत्या. लोखंडी आंस गंजला होता. तो रॉकेलनें धुवून, तारेच्या ब्रशानें घासून, दोरी लावून पाहिला तों सरळ निघाला. एक चाक धडधाकट होतें. दुसऱ्याचे दोन पाटे वाळवीनें पोखरले होते आणि तीन आरे हातानें हलत होते. तुंब्याला मात्र कीड शिवली नव्हती. वर्षानुवर्षें एरंडेलाचें वंगण पिऊन तो काळाभोर आणि टणक झाला होता.

येथें चाकाची रचना दोन शब्दांत सांगतों. मध्यें तुंबा, त्यांत बसविलेले बारा आरे, आऱ्यांच्या टोकांवर लाकडाचे सहा कमानदार तुकडे, ते पाटे, एका पाट्याला दोन आरे, आणि सर्वांना बाहेरून आंवळून धरणारी लोखंडी पट्टी, ती धाव. लाकूड बहुधा बाभळीचें. ह्या रचनेची खुबी अशी कीं, कोणताहि एक तुकडा निकामी झाला तर तेवढाच काढून नवा घालतां येतो. सारें चाक टाकून द्यावें लागत नाहीं. गाडी टिकली ती ह्या गुणामुळें. पण तुकडा बदलणारा जवळ असला तरच हा गुण उपयोगी.

असा बदलणारा आमच्या गांवांत एकच उरला होता. वय ब्याऐंशीच्या घरांत. गांवांत सर्व त्यांना नाना म्हणतात. मीं त्यांना हात धरून गोठ्यांत आणलें. त्यांनीं तुंब्यावरून बोटें फिरवलीं, खुणेपाशीं थांबले, आणि म्हणाले, "मास्तर, ही आमच्या बाची निशाणी. ह्या गाडीच्या वक्ताला मी दहा-बारा वर्सांचा व्हतो. ह्या आऱ्यांची भोकं पाडताना गिरमिट म्या धरलं व्हतं."

प्रश्नाचें उत्तर मिळालें. आजोबांनीं गाडी केली नव्हती, करविली होती. 'केली' आणि 'करविली' यांतील भेद मी चाळीस वर्षें व्याकरणाच्या तासाला शिकवीत होतों.

नानांचे डोळे अधू झाले आहेत, पण हात शाबूत. त्यांनीं सांगावें आणि मीं करावें, असें काम चाललें. जुनी वाळलेली बाभूळ मिळवून तीन आरे तासले, दोन पाटे कापले. आऱ्याचें कुसूं भोंकांत किती घट्ट जावें हें ते आवाजावरून ओळखीत. "बद् वाजलं की ढिलं. टण् वाजू द्या."

शेवटीं धावेची पाळी आली. येथें माझी चूक झाली, आणि ती सांगितली पाहिजे. लाकूड वाळून चाकाचा घेर कमी झाला होता, म्हणून जुनी धाव कापून आंखूड करावयाची होती. किती आंखूड? मीं वही काढली. चाकाचा व्यास पांच फूट, म्हणजे घेर सुमारें ४७९ सेंटिमीटर. लोखंड लाल होईपर्यंत तापविलें तर तें इतक्या लांबींत साडेतीन ते चार सेंटिमीटर, म्हणजे अदमासें दीड इंच वाढतें. तेव्हां धाव चाकाच्या घेरापेक्षां दीड इंच आंखूड करावी. तापल्यावर ती बरोबर चाकावर चढेल, आणि निवल्यावर पक्की आंवळेल. माझ्या गणितांत चूक नव्हती. नाना म्हणाले, "दीड इंच नगं मास्तर. पाऊण इंच. चाकाचा जीव जाईल." मीं आकडे वाचून दाखविले. ते गप्प बसले.

लोहाराच्या मुलानें धाव कापून जोडून दिली. परसांत गोवऱ्यांचें कडें रचून ती तापविली. लाल झाल्यावर तिघांनीं सांडशींनीं उचलून चाकावर घातली, घणांनीं ठोकून बसविली, आणि वर घागरींनीं पाणी ओतलें. वाफेचा लोट उठला. लोखंड आकसूं लागलें तशा पाट्यांच्या फटी मिटल्या, सांधे करकरले. मला वाटलें, झालें काम. इतक्यांत एक नवा आरा बाकला आणि उभा चिरला. धाव लाकडाला नुसती धरून राहावी लागते. ती लाकूड चिरडूं लागली तर उपयोग नाहीं. लोखंड किती वाढतें याचा हिशेब मीं केला होता. बाभूळ किती सोसते याचा केला नव्हता. तो हिशेब कोणत्याहि पुस्तकांत नाहीं. तो नानांच्या हातांत होता. धाव पुन्हां कापून तींत तुकडा घातला, नवा आरा केला, आणि पाऊण इंच आंखूड ठेवून दुसऱ्यांदां बसविली. ह्या वेळीं चाक हातानें वाजविलें तों घंटेसारखें वाजलें.

काम संपल्यावर मीं नानांना मजुरी विचारली. ते बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "मजुरी ऱ्हाऊ द्या. भात्तर सालच्या दुष्काळातलं बलुतं तुमच्या घराकडं ऱ्हायलंय, त्याचं बघा."

१९७२ सालीं मी लहान होतों, पण तो दुष्काळ मला आठवतो. विहिरी आटल्या होत्या आणि आमची गाडी दूरवरून पाण्याचीं पिपें वाहत होती. इतकेंच मला आठवत होतें. नानांनीं राहिलेलें सांगितलें. कोरड्या हवेंत चाकाचें लाकूड आकसतें. आरे खिळखिळे होतात, धाव सुटूं लागते. त्या वर्षीं त्यांना आणि त्यांच्या वडिलांना दर चार दिवसांनीं आमच्या चाकांत पाचरी मारावयास यावें लागे. म्हणजे ज्या वर्षीं गाडीला सुताराची गरज सर्वांत अधिक होती, त्याच वर्षीं खळ्यावर त्याला देण्यास धान्य नव्हतें. दुसऱ्या सुगींत आधीं घरचें पोट, मग सावकार. मागील बाकी तशीच राहिली. पुढें वडिलांनीं रबरी टायरांची गाडी घेतली. जुनी गाडी कांहीं वर्षें शेणखत ओढीत राहिली. तिचें काम कमी झालें, तसें सुताराचें आमच्याकडे येणेंहि थांबलें. कोणी मुद्दाम बुडविलें नाहीं. कोणाच्या ध्यानांतच राहिलें नाहीं. माझ्या मतें हें बुडविण्याहून बरें नव्हे.

१९८० सालीं उजनीचें धरण पुरें झालें, भीमेकांठीं ऊस आला, आणि हळूहळू ट्रॅक्टर व त्यामागची लोखंडी ट्रॉली आली. आज आमच्या गांवांत बैलांपेक्षां ट्रॅक्टर सहज दृष्टीस पडतात. त्याबद्दल मी दुःख करीत नाहीं. बैलाच्या मानेवरची गांठ ज्यानें पाहिली आहे तो करणार नाहीं. १९७० नंतरच्या काळांत देशांत एक कोटीहून अधिक बैलगाड्या असल्याचा अंदाज होता, आणि बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटचे संचालक प्राध्यापक एन. एस. रामस्वामी यांनीं त्या सुधाराव्या, बैलांचा भार हलका करावा, म्हणून पुष्कळ खटपट केली. गाडी हें जनावराच्या कष्टांचेंहि साधन आहे, हें त्यांनीं शिकलेल्या लोकांना जाणवून दिलें. आतां त्या गाड्यांची संख्या पुष्कळ घटली आहे. घटावीच. परंतु जी वस्तु शेंकडों वर्षें समाजाचा भार वाहते, ती जातांना तिची नीट नोंद झाली पाहिजे. आणि ती नोंद केवळ ती योजणाऱ्यांची व बाळगणाऱ्यांची असूं नये, नीट करणाऱ्यांचीहि असावी.

मीं दोन वर्षांच्या बलुत्याचा अदमास जुन्या माणसांना विचारून काढला आणि तितकी ज्वारी नानांच्या घरीं पोंचती केली. त्यांनीं ती घेतली. मोजून घेतली. मला तें आवडलें. कारण तें दान नव्हतें, बाकी होती. मजुरी मीं वेगळी दिली, तीहि त्यांनीं ठेविली.

गाडी आतां चालती आहे. उपाहारगृहाच्या मालकांना मीं नम्रपणें नकार कळविला. आमच्या शेजाऱ्याकडे बैलांची एक जोडी आहे. अरुंद पाणंदींतून, जेथें ट्रॉली जात नाहीं तेथून, तो ह्या गाडींतून कडबा आणतो. साट्याच्या पुढच्या फळीवर मीं तिघांचीं नांवें कोरून घेतलीं आहेत. पहिलें नानांच्या वडिलांचें, दुसरें नानांचें, आणि तिसरें करविणाऱ्या माझ्या आजोबांचें. माझें नांव घालावें असें नाना म्हणाले. चिरलेल्या आऱ्याची आठवण देऊन मीं तें टाळलें.

श्रोतेहो, आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं अशी एखादी जुनी वस्तु असेल: पाळणा, पेटी, जातें, दाराची चौकट. ती कोणी घेतली हें आपणांस ठाऊक असतें. ती कोणी केली आणि कोणी वेळोवेळीं नीट केली, हें विचारून ठेवावें. सांगणारीं माणसें अजून कोठें कोठें आहेत. नानांसारखीं तीं फार दिवस असणार नाहींत.